अर्धं फाटक

२ नोव्हेंबर

धाकट्या,

फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते. फोन कापता येतो. पत्र फार तर फाडता येतं, आणि फाडण्याआधी माणूस ते एकदा वाचतोच. खुशाली विचारत नाही. तुझी बायको मला सगळं कळवते हे तुला माहीत आहे, आणि माहीत नसल्याचं सोंग तू आणतोस हे आम्हा दोघींना माहीत आहे. तेव्हा थेट कामाचं बोलते.

मुकादम पोस्टमनला चावला.

माणूस शाबूत आहे, पँट गेली. तो नेहमीसारखा मागे कारखान्याकडे येत होता, तुझ्या खिडकीखालच्या खुंट्यापासून लांबून. मुकादम झोपलेला दिसला म्हणून त्याने परवा वाट जरा आखूड केली, आणि साखळी त्याला वाटली होती त्यापेक्षा लांब निघाली. मी पँट लगेच मशीनवर घेतली. शिवून होईपर्यंत तो बिचारा कमरेला ताडपत्री गुंडाळून बाकावर बसला होता. "ताई, माझा कुत्र्यावर राग नाही," म्हणाला, "पण खात्याकडून पँटी दोनच मिळतात."

त्याने तक्रार केली नाही. पण रस्त्यावरून बघणारे काय कमी असतात? पालिकेचा माणूस आला. त्याने मुकादमला पाहिलं, साखळी पाहिली, फाटकाकडे पाहिलं आणि विचारलं, "दुसरं दार कुठे आहे?"

"भावाकडे."

"दुरुस्तीला?"

"वाटणीला," मी म्हटलं.

मग त्याला सगळं सांगावं लागलं. बाबा गेले, घर वाटलं, पुढच्या खोल्या तुझ्या, मागचा ताडपत्र्यांचा कारखाना माझा, आणि मोजणीची रेघ नेमकी फाटकाच्या मधून गेली. तू शहरात निघालास, ट्रकमध्ये सामान चढत होतं, आणि मी पायरीवरून म्हटलं, "फाटकही ने अर्धं, काही सोडू नकोस." तू पाना आणलास, तुझ्या बाजूचं दार उतरवलंस आणि नेलंस. जगातल्या कुठल्याही भावाला कळलं असतं की बहीण रागाने बोलतेय. पालिकेचा माणूस हसला नाही. त्यालाही बहुतेक बहीण असावी.

जाताना तो सांगून गेला की अंगण बंद करा, नाहीतर कुत्रा आम्ही घेऊन जाऊ, महिन्याभराने परत बघायला येतो. तिथे नेलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यांचं पुढे काय होतं हे मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

बाबा होते तोवर मुकादमच्या गळ्यात कधी साखळी नव्हती. फाटक लागत होतं, तो अंगणभर फिरत होता, कामगारांवर ओरडत होता, म्हणून तर बाबांनी त्याला हे नाव दिलं. तू गेलास त्या दिवशी साखळी तू आणलीस आणि खुंटा मी ठोकला. चार दिवसांचा प्रश्न आहे असं दोघांनाही वाटलं होतं. त्याला दोन वर्षं झाली.

दार पाठव. तुझ्या खांबाला मी हात लावणार नाही, तसं तूच कागदावर लिहून घेतलंस. तेव्हा बसवायलाही तूच ये.

ताई


११ नोव्हेंबर

धाकट्या,

उत्तर नाही. हरकत नाही, मीही त्याच बापाची मुलगी आहे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे कुणीतरी आपल्याच घराकडे बघून म्हटलं असणार.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना घरी बोलावलं होतं. त्यांनी मुकादमच्या गळ्यातला पट्टा सोडला तर खाली केसच नव्हते, नुसती लाल, ओलसर कातडी. तो मुकाट उभा राहिला. मलम लावताना एकदाच माझा हात चाटला, जणू मलाच काहीतरी लागलंय. ताडपत्र्यांना चामड्याचे पट्टे हाताने शिवणाऱ्या बापाची आपण पोरं, आणि आपल्या कुत्र्याच्या गळ्यात बाजारातला नायलॉनचा पट्टा. मला लाज वाटली. एकटीने का वाटून घ्यायची, म्हणून तुला लिहिते.

मी बाईंना विचारलं, हा असा नव्हता हो, मग आता अंगावर का जातो? त्या म्हणाल्या, "मोकळं कुत्रं घाबरलं की लांब निघून जातं. बांधलेल्याने कुठे जायचं? त्याला मागे सरायला जागाच नसते, म्हणून ते पुढे येतं." मला का कोण जाणे, तू आठवलास. मोजणीच्या दिवशी भिंतीला पाठ लावून उभा होतास तो.

साखळी लांब केली तर चालेल का, असंही विचारलं. "लांब केली तरी साखळीच ना ती," म्हणाल्या. अंगण बंद करायचं, किंवा घरात ठेवायचा आणि सकाळ-संध्याकाळ फिरवायचा. फिरवताना गळ्याला काही लावायचं नाही, छातीवरून येणारा पट्टा घ्यायचा. तोवर अंगणात वर एक तार बांधून त्याला इकडून तिकडे धावता येईल असं करा, पण तेही तुम्ही समोर असाल तेव्हाच.

मी म्हटलं, "घरात? आमच्या बाबांचा नियम आहे, कुत्रं उंबऱ्याच्या बाहेर."

"बाबा कुठे असतात?"

"गेले दोन वर्षांपूर्वी."

बाईंनी हात धुतले आणि निघाल्या.

तार बांधली. कपडे वाळत घालायच्या दोन खांबांमध्ये, तारेत कडी, कडीला दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक जुन्या सीटच्या कापडाच्या रुंद पट्टीला, ती त्याच्या पोटाखालून घेतली. जखमेला काही लागत नाही. पहिल्याच दिवशी तो या टोकापासून त्या टोकापर्यंत असा सुटला की तुझ्या बायकोने दिलेली चांगली चादर सोबत घेऊन गेला. चादर गेली ती गेली. दोन वर्षांत त्याला धावताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि त्याचे कान असे मागे उडतात हे मी पार विसरूनच गेले होते.

नंतर त्याने दोरी खांबाभोवती गुंडाळून स्वतःचा पाय अडकवून घेतला. तेव्हा बाईंचं 'तुम्ही समोर असाल तेव्हाच' नीट कळलं. आता शिवणकाम मांडीवर घेऊन मी अंगणातच बसते. दुकानदारांची ताडपत्रीची छतं शिवायची मागे पडली आहेत, आणि येणाराजाणारा विचारतो, काय, कारखाना बाहेर काढला का?

दार पाठव.

ताई


२३ नोव्हेंबर

धाकट्या,

दार तू पाठवत नाहीस, म्हणून मी फाटकाच्या उघड्या अर्ध्यात आधी ताडपत्रीचा पडदा लावला. घरचाच धंदा. छान कड्या ठोकल्या, वरून दोरी ओवली. वारा आला आणि पडदा आडवा झाला, दोरीतून निघून समोरच्या इस्त्रीवालीच्या टेबलाखाली जाऊन बसला. मग कारखान्यातल्या दोन लाकडी घोड्या आणून तिथे आडव्या उभ्या केल्या आणि वर फळी बांधली. दिसायला ध्यान आहे, पण कुत्रं बाहेर जात नाही. तुझ्या खांबाला कुठे टेकवलेलं नाही, काळजी करू नकोस.

गेल्या आठवड्यात त्याच्या अंगावरचं सगळं काढलं. पट्टी नाही, दोरी नाही, काही नाही. म्हटलं, जा, हिंड.

साखळीने अंगणात एक गोल कोरलाय, त्यात गवतसुद्धा उगवत नाही. अर्धा गोल तुझ्या हद्दीत आहे, अर्धा माझ्या. तारेवर तो मी समोर असतानाच धावायचा, उरलेला सारा वेळ पट्टीची दोरी खुंट्यालाच असायची; हा गोल त्याच्या अंगात किती मुरलाय ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या दिवशी तो गोलाच्या कडेपर्यंत आला आणि थांबला. मान पुढे, पाय मागे. मी हाका मारल्या, टाळ्या वाजवल्या, बाबांच्या आवाजात दम भरला. तो शेपूट हलवत होता, पण पाय उचलत नव्हता. गळ्यात काहीही नव्हतं रे त्याच्या. मी तिथेच मातीत बसून रडले. हे कुणाला सांगू नकोस. तुझ्या बायकोला मी आधीच सांगितलंय.

मग मला डब्याची युक्ती आठवली. तुला आठवते का? शाळेत जायचं नाही म्हणून तू फाटकाला मिठी मारून बसायचास. बाबा ओरडायचे नाहीत. तुझा डबा घेऊन पुढे जायचे आणि पुढच्या घराच्या ओट्यावर ठेवायचे. तू डब्यापर्यंत गेलास की डबा आणखी एक घर पुढे. असं करत करत तू एक दिवस शाळेत पोचलास, आणि मग तिथून यायला रडायला लागलास.

मी मुकादमचं ताट गोलाच्या कडेवर ठेवलं. रोज वीतभर पुढे सरकवते. परवा त्याचे पुढचे दोन पाय बाहेर होते आणि मागचे दोन आत, त्यामुळे तो इतका लांब झाला होता की ताट गाठताना पोट जमिनीला लागलं. आज चारही पाय बाहेर आले. जेवला आणि चोरी करून पळावं तसा परत गोलात पळाला. तरी आला. मी इतकी खूश झाले की इस्त्रीवालीला रस्त्यापलीकडून ओरडून सांगितलं. तिला वाटलं, तूच आलास.

ताई


३ डिसेंबर

धाकट्या,

पोस्टमनने घोड्यांवरून एक पुडकं दिलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही, आत चिठ्ठी नाही. छातीवरून आणि पोटाखालून जाणारा चामड्याचा पट्टा, आतून मऊ अस्तर, पाठीवर कडी. कुठल्याशा दयाळू कंपनीने पाठवला असावा असं मला वाटावं अशी तुझी इच्छा असेल, तर टाके तरी मशीनचे घालायचे होतेस. हातच्या काकणाला आरसा कशाला? मेणाचा दोरा, दुहेरी टाका, आणि शेवटी दोन उलटे टाके घालून दोरा चामड्याच्या आत ओढलेला. बाबांनी हे दोघांनाच शिकवलं. एक मी, आणि मी काही हा शिवला नाही.

मी तो बराच वेळ हातात धरून बसले. अस्तराला कडेने एक बारीक पट्टी लावलीस ना, कातडीला शिवण घासू नये म्हणून? म्हणजे माझी पत्रं तू वाचतोस. नीट वाचतोस.

पण सैल होतो. तू माप दोन वर्षांपूर्वीच्या मुकादमचं धरलंस. तो आता तेवढा राहिला नाही, धाकट्या. तोंडाभोवती पांढरा झालाय, बरगड्या हाताला लागतात. तुझा एकही टाका न उसवता मी बक्कल थोडं आत घेतलं. आता नीट बसतो.

तुझ्या बायकोचा फोन आला होता. तुला सांगू नका म्हणाली, म्हणून सांगते. ते फाटकाचं दार तू दोन स्टुलांवर आडवं टाकलंयस म्हणे, आणि बॅगांच्या कारखान्यातून घरी आणलेलं काम त्यावरच बेततोस. जेवायचं असलं की तिने त्यावर चादर घालायची. म्हणजे मुकादमचा पट्टा फाटकावरच बेतला गेला. मी तिला म्हटलं, महिनाभर मी म्हणत होते फाटक पाठव, त्याने पाठवलं की, जरा वेगळ्या तऱ्हेने.

आता आम्ही सकाळ-संध्याकाळ फिरायला जातो. पहिल्या दिवशी त्याने मला वखारीपर्यंत ओढत नेलं आणि इस्त्रीवालीने विचारलं, "कोण कुणाला फिरवतंय?" आता तो माझ्या चालीने चालतो. प्रत्येक खांबाची चौकशी करतो, नाव सार्थ करतो. पोस्टमन समोरून आला तेव्हा मी दोरी दोन्ही हातांनी धरली, पण मुकादम रस्त्याच्या कडेला गेला आणि लांबून त्याचा वास घेत राहिला. त्याला मागे सरायला जागा होती, बाईंनी सांगितलं तसंच. पोस्टमनने पँटीकडे एकदा बघून घेतलं.

आणि ताट सरकत सरकत उंबऱ्याच्या आत आलं. बाबांच्या फोटोकडे मी मुद्दाम बघितलं नाही. पहिले काही दिवस तो शिलाई मशीनवर गुरगुरायचा. आता मशीन चालू झालं की बेतायच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या ढिगावर त्याला झोप लागते. बंद केलं की डोळे उघडून माझ्याकडे बघतो, कामगाराने हात थांबवल्यावर मुकादमाने बघावं तसा.

ताई


१० डिसेंबर

धाकट्या,

पालिकेचा माणूस काल येऊन गेला.

मी घोड्या पुसून ठेवल्या होत्या, मुकादमला आंघोळ घातली होती, स्वतःही नीट साडी नेसले होते. तो आत आला तेव्हा मुकादम टेबलाखालून उठला, त्याचे बूट हुंगले आणि परत जाऊन झोपला. त्याने मानेवरची जखम बघितली, तिथे आता बारीक केस येतायत. पट्टा बघितला, "कुठून घेतलात? माझ्याकडेही एक कुत्रा आहे," म्हणाला. अंगणातला गोल बघितला आणि त्यावर पायाने उगाच थोडी माती सरकवली.

"फाटकाचं काय झालं?" त्याने विचारलं.

"अजून भावाकडेच आहे."

"राहू द्या. आता त्याची गरज नाही. कुत्रा घरात राहतोय, फिरायला जातोय, मी तसं लिहून देतो."

मुकादम वाचला. मी त्या माणसाला चहा दिला, तो गेल्यावर मुकादमच्या कपाळाला कपाळ लावून बसले. साखळी काढून सायकलला लावली. सगळं मनासारखं झालं. आणि मग कप विसळताना माझ्या लक्षात आलं की आता तुला पत्र लिहायला माझ्याकडे काही कारणच उरलं नाही.

कोपऱ्यावरचा वेल्डर पहिल्या आठवड्यातच म्हणाला होता, ताई, नवीन दार करून देतो, खांब कुणाचाही असो, दोन दिवसांचं काम. मीच नको म्हटलं. घोड्या लावीन, तार बांधीन, दिवसभर अंगणात बसेन, पण दुसरं दार बसवणार नाही, असं मी ठरवलं होतं. एकदा ते बसलं असतं तर तुझं दार कुठे लागलं असतं?

तेव्हा आता कुत्र्याचं नाव पुढे न करता सांगते. मुकादमला फाटक नको आहे. मला हवं आहे. तुझ्या खोल्यांना कुलूप असतं आणि पुढच्या बाजूला दिवा लागत नाही, ते मला दोन वर्षं आवडलेलं नाही. जेवायला बसले की अजून दोन माणसांचं वाढायला हात जातो. दार आणणार नसलास तरी चालेल, तुझं टेबल मोडेल. तू ये.

ताई


१९ डिसेंबर

भावजयबाई,

तुझा नवरा पोचला. फोनवर सांगायला गेले तर माझा आवाज धड राहणार नाही, आणि तू तो ऐकून रडत बसशील, म्हणून लिहिते. तू शनिवारी येतेसच, पण तोवर थांबवणार नाही मला. तुला आता खरंखुरं टेबल घ्यावं लागेल हेही कळव म्हणतो.

काल दुपारी मशीनवर होते. मुकादम टेबलाखाली होता. त्याने डोकं वर केलं म्हणून मी बाहेर बघितलं, तर फाटकाशी हा उभा. टेम्पोवाल्याने कोपऱ्यावर सोडलं असणार, दार पाठीवर घेऊन आला होता, घामाघूम. त्याने ते आपल्या खांबाला टेकवून ठेवलं. त्यावर खडूच्या रेघा, आरीची भोकं, आणि एका कोपऱ्यात तुझ्या चहाच्या कपाचा गोल.

मी घाईघाईने फळी सोडली, घोड्या बाजूला केल्या, वाट मोकळी केली. तरी तो बाहेरच.

"ये ना," मी म्हटलं.

"येतो. आधी खांब सरळ आहे का बघतो."

खांब सरळच होता. तो त्याच्याकडे बघत राहिला, वरून खाली, खालून वर. मान पुढे आणि पाय मागे. हे उभं राहणं मी याच अंगणात महिनाभर बघितलं होतं, म्हणून मी हाक मारली नाही. हाकांनी काही होत नाही.

तेवढ्यात मुकादम माझ्या पायांजवळून निघाला. अंगणातून सरळ गेला. तो गोल अजून पुसलेला नाही, रोज तिथे आला की एक क्षण तरी त्याचा पाय अडखळतो. काल अडखळला नाही. गोलातून गेला, तुझ्या नवऱ्याच्या हद्दीतून गेला, फाटकातून बाहेर गेला आणि त्याचे बूट हुंगून त्याच्या पायावरच बसला. तुझ्या नवऱ्याने खाली वाकून पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघितली. माझं आत घेतलेलं बक्कल त्याला सापडलं.

"बारीक झालाय हा," म्हणाला.

"तूही," मी म्हटलं.

मग मी आत गेले, चहा टाकला. एक कप घेतला, अर्धाच भरला आणि फाटकाशी नेऊन त्याच्या हातात दिला. उभ्या उभ्या दोन घोटांत संपवला त्याने.

"एवढाच?" म्हणाला.

"उरलेला आत ठेवलाय."

त्याने कपात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि त्याला डबा आठवला असावा, कारण ओठ तसेच दुमडले जसे शाळेच्या वाटेवर दुमडायचे. मी तिथे थांबले नाही, वळून आत चालायला लागले. पाठीमागून आधी मुकादमच्या नखांचा आवाज आला आणि मग बुटांचा.

तुझी नणंद